बॅटरी उतरलेली मोटारसायकल पुन्हा चालू कशी करावी?

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या अंगणात एके काळी केवळ बैलगाडी सोडलेली असे. आज तिच्या शेजारी, किंवा तिच्या जागी, मोटारसायकल उभी असलेली दिसते. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन आणि जाफराबाद या आठही तालुक्यांत शेतीची कितीतरी कामे या वाहनावर अवलंबून असतात. दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचवावयाचे, फवारणीचा पंप मोसंबीच्या बागेत न्यावयाचा, विहिरीवरील मोटारीचा बिघडलेला स्टार्टर दुरुस्तीस टाकावयाचा, जालन्याच्या बाजार समितीत 2018 साली सुरू झालेल्या रेशीम कोष बाजारपेठेतील भाव पाहून यावयाचे, ही सारी कामे मोटारसायकलीवाचून अडतात. तेव्हा मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नसून शेतीचे एक अवजारच होय. वखराची पास बोथट झाली की ती पाजवून घेण्यास शेतकरी विसरत नाही. परंतु या नव्या अवजाराची बॅटरी मात्र गाडी अडून बसेपर्यंत त्याच्या ध्यानातही येत नाही.

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मृग नक्षत्र लागून चार दिवस झाले आहेत. अंबड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावी रात्री चांगला पाऊस होऊन गेला आहे. पहाटे धारा काढून शेतकऱ्याने दुधाचे दोन कॅन गाडीला अडकविले. दूध वेळेवर केंद्रावर पोचवावयाचे आणि तसेच पुढे जाऊन सोयाबीनचे बियाणे आणावयाचे, कारण वापसा आला की पेरणी कोणासाठी थांबत नाही. त्याने किल्ली फिरविली, सेल्फचे बटण दाबले. आतून केवळ ‘कट्‌कट्’ असा आवाज आला आणि मीटरवरील दिवे मंदावले.

“आबा, बॅटरीच गेली. नवी आणावी लागणार,” मुलगा म्हणाला.

“अरे, चार महिन्यांपूर्वीच तर नवी बसविली!”

पेरणीच्या तोंडावर घरातील प्रत्येक रुपया बियाणे व खत यांसाठी बांधलेला असतो. अशा वेळी हजार-दीड हजार रुपयांचा खर्च पुन्हा समोर उभा राहावा, आणि कॅनमधील दूधही नासण्याची भीती असावी, ही अडचण लहान नव्हे. अशा वेळी दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. आजची गाडी चालू कशी करावी, हा पहिला. बॅटरी का उतरली, हा दुसरा. पहिला प्रश्न सुटला की दुसरा विसरला जातो आणि चार महिन्यांनी तीच वेळ पुन्हा येते. या लेखात दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

बॅटरीचे कार्य

मोटारसायकलीतील नेहमीची बॅटरी शिसे व गंधकाम्ल यांची असते. अशी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली प्रथम तयार केली आणि तिचे मूळ तत्त्व अद्याप तेच आहे. तिच्या पेटीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यातून सुमारे 2.1 व्होल्ट मिळतात व सहा कप्पे मिळून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या वर जातो. बॅटरी वीज देऊ लागली की आतील शिशाच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसू लागते आणि आम्ल पातळ होत जाते; बाहेरून वीज दिली की ही क्रिया उलट फिरते. हे सल्फेट ताजे असेपर्यंत सहज विरघळते. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर ते कठीण होते आणि मग ती बॅटरी पूर्ववत भरत नाही.

बॅटरी ही विजेची विहीर नव्हे, ती केवळ हौद आहे, हे ध्यानात ठेवावे. हौदात पाणी भरण्याचे काम इंजिनाबरोबर फिरणारे मॅग्नेट व त्याच्या आतील तारेचे वेटोळे करते. या वेटोळ्यातील वीज रेग्युलेटर-रेक्टिफायर या लहानशा डबीतून सुधारून बॅटरीकडे जाते. कारागीर या डबीस ‘आरआर युनिट’ म्हणतात. हौद रिकामा दिसला म्हणजे हौदच फुटला असे नव्हे. वरून पाणी येणेच बंद झाले असेल, किंवा खालची तोटी गळत असेल. आरंभीच्या उदाहरणातील शेतकऱ्याची चूक नेमकी येथेच होत होती.

100 ते 125 सीसीच्या गाड्यांत हा हौद फार लहान, सामान्यतः 3 ते 5 अँपिअर-तासांचा असतो. 12 व्होल्टवर 5 वॅटचा एक दिवा सुमारे 0.42 अँपिअर वीज घेतो. किल्ली चुकून चालू राहिली आणि असा एकच दिवा जळत राहिला, तरी 4 अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी साडेनऊ तासांत, म्हणजे एका रात्रीत, संपून जाते.

प्रथम खात्री करून घ्यावी

गाडी चालू होत नाही म्हणजे बॅटरीच दोषी, असे गृहीत धरू नये. सर्वप्रथम इंजिन बंद करण्याचे हँडलवरील लाल बटण चालू स्थितीत आहे काय, गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय, साइड स्टँड वर घेतला आहे काय आणि टाकीत पेट्रोल आहे काय, हे पाहावे. पुष्कळशा नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना इंजिन चालू होऊ नये अशी व्यवस्था असते.

त्यानंतर किल्ली फिरवून हॉर्न वाजवून पाहावा. हॉर्न घोगरा वाजला, दिवे मंद दिसले आणि सेल्फ दाबताच ‘कट्‌कट्’ आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे असे समजावे. हॉर्न व दिवे उत्तम चालत असून सेल्फ मुळीच हालत नसेल, तर दोष बहुधा बटण, रिले किंवा सेल्फ मोटारीत असतो. काहीच लागत नसेल, एकही दिवा पेटत नसेल, तर फ्यूज उडाला असण्याचा संभव अधिक. फ्यूज बॅटरीजवळच असतो व जवळच त्याचा जादा नगही बहुधा ठेवलेला असतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद कधीही बसवू नये. तसे केल्यास फ्यूजऐवजी सारी वायरिंग जळते.

यानंतर बॅटरीचे झाकण काढून तिची दोन्ही टोके पाहावीत. खडबडीत रस्त्यावरून रोज दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीचे स्क्रू हादऱ्याने सैल होतात. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर तीही विजेला अडविते. अशा वेळी किल्ली बंद करून प्रथम ऋण टोकाची, म्हणजे उणे चिन्ह असलेली, वायर सोडवावी आणि मग धन टोकाची. जोडताना क्रम उलट ठेवावा. प्रथम धन, शेवटी ऋण. यामागील कारण साधे आहे. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. ऋण वायर जोडलेली असताना धन टोकावर फिरणारा पान्हा सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. टोके कोमट पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने व जुन्या दातांच्या ब्रशने स्वच्छ करावीत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर टोके कोरडी पुसून, स्क्रू घट्ट आवळून वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. कित्येक गाड्या एवढ्यानेच चालू होतात आणि शेतकऱ्याचा खर्च वाचतो.

अडलेली गाडी चालू करण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग किकचा. किक असलेल्या गाडीत सेल्फचे बटण दाबत बसून उरलीसुरली वीज घालवू नये. दिव्याचे बटण असल्यास ते बंद करावे आणि किक मारावी. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन चालू असताना पुढचा दिवा सतत तेवत राहतो. तेथे हे बटणच नसते. जुन्या कार्ब्युरेटरच्या पुष्कळ गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज थेट मॅग्नेटकडून मिळते, म्हणून त्या बॅटरी पूर्ण उतरली तरी किकने चालू होतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाल्यावर मोटारसायकलींत एफआय, म्हणजे विजेवर चालणारी पेट्रोल-फवारणीची यंत्रणा, सर्रास आली. या गाड्यांतील पेट्रोलचा पंप व नियंत्रक पेटी यांना काही ना काही वीज लागतेच. किल्ली फिरविल्यावर मीटर उजळला आणि पंपाचा दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा आवाज आला, तर किक लागू पडण्याची आशा धरावी. मीटर मुळीच उजळत नसेल तर किक मारून दमण्यात अर्थ नसतो.

दुसरा मार्ग धक्क्याचा. कॅन, पोती व इतर ओझे उतरवून ठेवावे. गाडी सपाट, कोरड्या व रहदारी नसलेल्या रस्त्यावर आणावी. काळ्या मातीच्या चिखलात मागचे चाक घसरते, इंजिन फिरत नाही. म्हणून पावसाळ्यात गाडी डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यापर्यंत ढकलत नेणेच श्रेयस्कर. किल्ली चालू करावी, दुसरा गियर टाकावा, क्लच पूर्ण दाबून धरावा आणि मागून एका माणसाने गाडी ढकलावी. गाडी धावत्या माणसाच्या वेगास आली की क्लच झटकन सोडावा. इंजिनाने धाप टाकताच क्लच पुन्हा दाबून हलकेच ॲक्सिलरेटर द्यावा. पहिल्या गियरमध्ये हा प्रयोग करू नये. त्यात चाक अडकून गाडीला हिसका बसतो. ढकलणाऱ्याने गाडीच्या मागेच राहावे, बाजूने हात घालू नये. उतारावर एकट्याने गाडी सोडून चालू करण्याचे साहस टाळावे. पट्ट्यावर चालणाऱ्या गियरविरहित स्कूटरला हा उपाय मुळीच लागू पडत नाही.

तिसरा मार्ग दुसऱ्या बॅटरीच्या आधाराचा. यासाठी दुसऱ्या मोटारसायकलीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी उपयोगी पडते, मात्र ती 12 व्होल्टचीच असली पाहिजे. गावात अद्याप जपून ठेवलेल्या काही जुन्या गाड्यांची, उदाहरणार्थ राजदूतची, बॅटरी 6 व्होल्टची असते. तिला 12 व्होल्ट जोडू नयेत. मालमोटारीतील 24 व्होल्टची जोडणीही या कामी घेऊ नये. ट्रॅक्टर उभा असावा आणि त्याचे इंजिन बंद असावे. घरगुती बारीक वायर तापून वितळते, म्हणून चिमटे लावलेली जाड तांब्याची वायरच वापरावी. जोडण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

1. दोन्ही वाहनांच्या किल्ल्या बंद कराव्यात व त्यांचे लोखंड एकमेकांस लागू देऊ नये.
2. लाल वायरीचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास लावावे.
3. तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावे.
4. काळ्या वायरीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावावे.
5. काळ्या वायरीचे राहिलेले टोक बंद गाडीच्या इंजिनावरील, रंग नसलेल्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावे.

यानंतर गाडी चालू करावी. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये. गाडी चालू होताच वायरी नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. ट्रॅक्टरची बॅटरी मोठी असली तरी दोहोंचा दाब सारखाच असल्याने गाडीला अपाय होत नाही; परंतु वायरी तशाच जोडून ठेवल्या तर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरीत जोराने वीज शिरून ती तापते. म्हणून हे काम मिनिट-दोन मिनिटांचेच असावे.

शेवटची वायर बॅटरीपासून दूर लावण्यास का सांगितले जाते, हेही समजून घेतले पाहिजे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि हवेत तो सुमारे 4 टक्के मिसळला तरी ठिणगीने पेट घेतो. अशा वेळी बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत उडण्याचे भय असते. म्हणून बॅटरीजवळ विडी-सिगारेट ओढू नये व अंधारात काडी पेटवून आत डोकावू नये. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे व विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला दुसरी बॅटरी जोडूच नये.

तीन आकड्यांची परीक्षा

आरंभीच्या उदाहरणातील शेतकऱ्याने दुसरा मार्ग धरला. गाडी गावातील सिमेंटच्या रस्त्यावर नेऊन मुलाने धक्का दिला, गाडी चालू झाली व दूध केंद्रावर पोचले. येथपर्यंत सारे ठीक झाले. परंतु गाडी चालू होणे म्हणजे गाडी दुरुस्त होणे नव्हे. तो तसाच बॅटरीच्या दुकानात गेला असता तर त्याला नवी बॅटरी मिळाली असती, आणि आणखी चार महिन्यांनी तीही उतरली असती.

याऐवजी त्याने मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गाडी उभी केली. व्होल्ट मोजण्याचा मीटर अशा प्रत्येक कारागिराजवळ असतो व तो काही शे रुपयांत विकतही मिळतो. मीटर डीसी 20 व्होल्टच्या खुणेवर ठेवून लाल काडी धन टोकास व काळी ऋण टोकास लावली की आकडा दिसतो. असे तीन आकडे घ्यावयाचे असतात.

पहिला आकडा गाडी बंद असताना. बॅटरी भरून काही तास स्वस्थ ठेवल्यावर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 च्या आसपास दिसले तर अर्धी, आणि 12 च्या खाली दिसले तर जवळजवळ रिकामी समजावी. पुरेसा काळ भरूनही आकडा 10.5 च्या जवळच थबकत असेल तर सहांपैकी एक कप्पा निकामी झाला आहे असे निदान करावे; अशी बॅटरी बदलणेच भाग असते.

दुसरा आकडा सेल्फ दाबलेला असताना. भरलेल्या व निरोगी बॅटरीचा दाब या क्षणी उतरतो, परंतु तो 9.5 ते 10 व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही तो 7-8 पर्यंत कोसळत असेल तर बॅटरी आतून थकली आहे.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, आणि हाच बहुतेकांकडून घ्यावयाचा राहून जातो. इंजिनाचा वेग थोडा वाढवून पाहिले असता 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. वेग वाढवूनही आकडा 12 च्या घरातच रेंगाळत असेल तर बॅटरीत वीज येतच नाही. वेटोळे, आरआर युनिट किंवा त्यांच्यामधील जोडणी यांत दोष आहे. आकडा 15 च्या वर जात असेल तर आरआर युनिट वीज आवरीत नाही. त्यामुळे बॅटरी उकळून वाळते व दिवेही वरचेवर जळतात. हा आकडा घेताना किंवा इतर कोणत्याही कारणाने, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये. तसे केल्यास दाब एकदम उसळून नियंत्रक पेटी निकामी होऊ शकते.

शेतकऱ्याच्या गाडीत तिसरा आकडा 12.1 आला. कारागिराने आरआर युनिटकडे जाणारी जोडणी उघडली, तेव्हा तिचे प्लॅस्टिक काळे पडलेले व आतील पट्टी गंजून सैल झालेली आढळली.

“दादा, बॅटरी चांगली आहे. तिला खायलाच मिळत नव्हते,” कारागीर म्हणाला.

पट्टी बदलल्यावर आकडा 14 च्या वर गेला. पहिली बॅटरीदेखील कदाचित याच कारणाने गेली असावी. तीन आकडे घेण्यास दहा मिनिटे लागली, आणि पेरणीचे पैसे पेरणीसाठी राहिले.

तिन्ही आकडे ठीक असून बॅटरी वारंवार उतरत असेल, तर तोटी कोठे गळते ते शोधावे. मोठा हॉर्न, जादा दिवे, मोबाइल चार्जर अशा वस्तू पुष्कळदा थेट बॅटरीवर जोडलेल्या असतात व किल्ली बंद केल्यावरही वीज खातात. त्या किल्लीमागून जोडून घ्याव्यात. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर सेल्फने खर्च झालेली वीज भरून येत नाही. अशांनी सकाळची पहिली सुरुवात किकनेच करावी.

बॅटरी भरण्याची योग्य रीत

पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी फिरवून पुरती भरत नाही; ती काढून चार्जरवर भरावी. येथे एक घातक चूक वारंवार होते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात लहान बॅटरी त्याच जोडणीवर लावली जाते आणि ती तापून, फुगून कायमची निकामी होते. बॅटरीवर जितके अँपिअर-तास छापलेले असतील त्याच्या दहाव्या भागाइतका प्रवाह द्यावा, हा सर्वसाधारण नियम होय. 4 अँपिअर-तासांच्या बॅटरीस 0.4 अँपिअर, तर 5 च्या बॅटरीस 0.5 अँपिअर पुरे. काही बॅटऱ्यांवर योग्य प्रवाह व तास छापलेलेच असतात. तेच प्रमाण मानावे. फवारणी पंपाचा चार्जर वापरण्याचा मोह होतो, परंतु तो किती अँपिअरचा आहे आणि शिशाच्या 12 व्होल्ट बॅटरीसाठी आहे काय, हे त्यावर वाचल्यावाचून वापरू नये. अनेक नव्या पंपांत लिथियम बॅटरी असते व तिचा चार्जर निराळा असतो.

बॅटरी हवेशीर जागी, मुले व गुरे यांच्यापासून दूर ठेवून भरावी. ती हातास चटका लागण्याइतकी तापली तर लगेच बंद करावी. ज्या बॅटरीस बुचे असतात तिच्यात पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर भरण्यापूर्वी त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे व भरून झाल्यावर वरच्या रेषेपर्यंत आणावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असते. ते कधीही घालू नये. पातळी कमी झाली म्हणून आम्लही ओतू नये, कारण उन्हाने पाणी उडते, आम्ल नव्हे. वैशाखाच्या तापीत ही पातळी दर पंधरवड्यास पाहावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रावाची घनता हायड्रोमीटरवर 1.260 ते 1.280 दिसते. ‘मेंटेनन्स फ्री’ असे छापलेली बंद बॅटरी मात्र उघडण्याचा प्रयत्न करू नये.

महिनोन्महिने उभी राहणारी गाडी

जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे घरी राहिलेली गाडी चार-पाच महिने उभी असते. बॅटरी काही न करताही हळूहळू स्वतःच उतरते, घड्याळ व मीटर थोडी वीज घेत राहतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे सल्फेट कठीण होते. घरी परतताच त्या कुटुंबास पहिला खर्च नव्या बॅटरीचा करावा लागतो. तो टाळणे सोपे आहे. निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी, ऋण वायर सोडवून ठेवावी, आणि शक्य असल्यास बॅटरी काढून सावलीच्या, कोरड्या जागी ठेवावी. महिन्यातून एकदा ती भरून ठेवण्याची विनंती घरी राहणाऱ्या नातेवाइकांस किंवा शेजाऱ्यास करावी.

निकामी बॅटरीची विल्हेवाट

निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर, बांधावर किंवा विहिरीच्या काठी टाकू नये, आणि तिच्यातील आम्ल जमिनीवर ओतू नये. शिसे विषारी असून मुलांच्या मेंदूस त्यापासून विशेष अपाय होतो. ओढणीची वजने किंवा इतर वस्तू करण्यासाठी घरच्या चुलीवर शिसे वितळविणे तर अत्यंत धोक्याचे आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार टाकाऊ बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य ठरले आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदारास परत द्यावी. तिच्यातील शिशाचे मोल नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून मागावे.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय शेतीबाहेरचा समजू नये. गाडी बंद पडली की दूध थांबते, फवारणी लांबते व बियाण्यास उशीर होतो. शिवाय कार्यकर्त्याची स्वतःची फेरीही याच वाहनावर चालते. शेतीशाळेच्या किंवा ग्रामसभेच्या दिवशी, अथवा सकाळी दूध संकलन केंद्रावर माणसे जमलेली असताना, एक मीटर घेऊन पाच-सहा गाड्यांचे तिन्ही आकडे सर्वांसमक्ष घेऊन दाखवावेत. ज्या गाडीचा तिसरा आकडा कमी येईल तिच्या मालकास त्याच दिवशी दुरुस्ती करून घेण्यास सांगावे. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबे निघण्यापूर्वी एकदा, असे वर्षातून दोन वेळा हे प्रात्यक्षिक झाले तर पुरेसे होईल.

बैल आजारी पडला तर शेतकरी प्रथम त्याचे चारापाणी पाहतो. दुसरा बैल घेण्यास तो बाजारात धावत नाही. मोटारसायकलीच्या बाबतीतही हीच रीत धरावी. प्रथम जोडणी पाहावी, सुरक्षित मार्गाने गाडी चालू करावी, आणि त्याच दिवशी तीन आकडे घेऊन बॅटरी उतरण्याचे कारण शोधावे. नवी बॅटरी घ्यावयाची ती त्यानंतरच.